कर्णबधिर खेळाडूची वाटचाल आणि आपले कर्तव्य

(जागतिक श्रवण दिनानिमित्त तालुका पातळीवर भरलेल्या शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



३ मार्च हा दिवस जगभर श्रवण दिन म्हणून पाळला जातो. इंग्रजीतील तीनचा आकडा कानाच्या आकारासारखा दिसतो आणि तिसऱ्या महिन्याची तिसरी तारीख लिहिली की दोन कान समोर उभे राहतात, म्हणून हा दिवस निवडण्यात आला. आजच्या प्रसंगी एखाद्या कर्णबधिर व्यक्तीची स्फूर्तिदायक जीवनकथा सांगावी, अशी सूचना मला संयोजकांनी केली. ती मी आनंदाने मान्य केली. परंतु आरंभीच एक विनंती करतो. स्फूर्तिकथा ऐकून आपण टाळ्या वाजवितो, चार शब्द कौतुकाचे बोलतो आणि घरी जातो. आज मी जी हकिगत सांगणार आहे ती ऐकताना त्या खेळाडूच्या जिद्दीकडे तर लक्ष द्यावेच. पण त्याच्या वाटेवर कोण कोण उभे होते आणि कोणी काय केले, याकडेही लक्ष द्यावे. कारण जिद्द ही ज्याची त्याला पुरवावी लागते. वाट करून देण्याचे काम मात्र तुमचे-आमचे आहे.

वसाहतीतील मुलगा

अमेरिकेच्या वायव्य भागात मॉन्टाना नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथे पाइन्सडेल या लहानशा वस्तीत लान्स ऑलरेड याचे बालपण गेले. त्याचा जन्म २ फेब्रुवारी १९८१ रोजी झाला. त्याचे कुटुंब मॉर्मन धर्मातील एका जुन्या वळणाच्या पंथाचे होते. हा पंथ बहुपत्नीत्व मानणारा असून मुख्य मॉर्मन चर्चपासून केव्हाच वेगळा झालेला होता, आणि लान्सचे आजोबा रूलन ऑलरेड हे त्याचे प्रमुख होते. बाहेरच्या जगापासून काहीशी अलग राहणारी ही वस्ती होती.

जन्माच्या वेळी आर-एच रक्तगटाशी संबंधित गुंतागुंत होऊन या मुलाची श्रवणशक्ती ७५ ते ८० टक्के गेली. आईचे रक्त आर-एच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असले म्हणजे असा धोका संभवतो. बाळाला तीव्र कावीळ होते आणि तिचा परिणाम श्रवणाच्या मज्जातंतूंवर होऊ शकतो. आज गरोदरपणी रक्तगट तपासून वेळेवर इंजेक्शन दिले तर हा धोका बहुतांशी टळतो. येथे उपस्थित असलेल्या आशा भगिनींना हे मी नव्याने सांगावयास नको.

त्या मुलाच्या बालपणातील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तो त्याने स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात नमूद केला आहे. पाच वर्षांचा असताना रविवारच्या धर्मवर्गात त्याला सांगण्यात आले की, या जन्मापूर्वी तू देवाशी एकनिष्ठ राहिला नाहीस, त्याची शिक्षा म्हणून देवाने तुला बहिरे केले. पाच वर्षांच्या मुलाच्या मनावर या वाक्याचा काय आघात झाला असेल, याची कल्पना करावी.

मित्रहो, हे वाक्य सातासमुद्रापलीकडचे असले तरी आपल्याला अनोळखी नाही. गावाच्या पारावर, घराच्या ओसरीवर, कधी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा, ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे शब्द आपण ऐकलेले आहेत. आई मूल कडेवर घेऊन येते आणि गावातील कोणी वडीलधारी व्यक्ती तिला म्हणते, ‘बाई गं, नशिबाचं आहे, देवाला कौल लाव.’ यात त्या मुलाचे एक वर्ष जाते, दोन वर्षे जातात, आणि ज्या वयात भाषा यावयाची ते वय हातचे निघून जाते. धर्म वेगळा, देश वेगळा. मुलाचे नुकसान मात्र तेच.

लान्सच्या बाबतीत सुदैव असे की, श्रवणयंत्र, ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याचा अभ्यास आणि वाचा-उपचार यांची जोड त्याला मिळाली. एकेक अक्षर, एकेक ध्वनी घासून-पुसून त्याला बोलणे शिकावे लागले. पुढे तो तेरा वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाने तो पंथ सोडला. युटा राज्यातील सॉल्ट लेक शहरात आठव्या इयत्तेच्या सुमारास त्याने प्रथम बास्केटबॉल हाती घेतला. एवढ्या उशिरा सुरुवात करणारा मुलगा मोठा खेळाडू होईल, असे भाकीत कोणी केले नसते. त्याची उंची मात्र वाढत राहिली आणि ती सहा फूट अकरा इंचांवर जाऊन थांबली.

खेळ आणि ऐकणे

बास्केटबॉलमध्ये ऐकण्याचा काय संबंध, असे कोणास वाटेल. ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, पाच खेळाडूंचा संघ मैदानावर सतत बोलत असतो. बचाव करताना मागच्या खेळाडूला सगळे मैदान दिसते, पुढच्याला त्याच्या पाठीमागचे दिसत नाही. ‘तुझ्या डावीकडून येतोय’, ‘मी याला घेतो, तू त्याला घे’ अशा आरोळ्या क्षणाक्षणाला द्याव्या लागतात. प्रशिक्षक कडेवरून डावाचे नाव पुकारतात. पंचांची शिटी होते. हजारो प्रेक्षकांचा कोलाहल असतो तो वेगळाच. हे सर्व ज्याला ऐकू येत नाही किंवा अर्धवट ऐकू येते, त्याला दर क्षणी मान वळवून डोळ्यांनी पाहावे लागते. कानाचे काम डोळ्यांनी करावयाचे, आणि तेही धावताना.

तथापि या खेळातच त्याची सोयही आहे. पंच शिटी वाजवितो त्याच वेळी हातही वर करतो. मूठ वळलेली असेल तर धक्काबुक्कीचा दोष, पंजा उघडा असेल तर नियमाचा भंग. खेळाडूचा क्रमांक बोटांनी दाखविला जातो. वेळ संपली की भोंगा वाजतो आणि बास्केटमागच्या फळीच्या कडेने लाल दिवाही लागतो. या खुणा सर्वांच्या सोयीसाठी आहेत; बहिऱ्यांसाठी म्हणून त्या मुद्दाम केलेल्या नाहीत. परंतु त्यांचा लाभ बहिऱ्या खेळाडूला सर्वाधिक होतो. दुसऱ्या एका खेळात याच्या उलटही घडले आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव सुरू होण्यापूर्वी सर्व खेळाडू गोल करून, डोके एकत्र आणून मसलत करतात. वॉशिंग्टन येथील गॅलोडेट या बहिऱ्यांच्या महाविद्यालयातील संघाने १८९० च्या दशकात ही पद्धत पाडली, असे मानले जाते. आपल्या हातांच्या खुणा प्रतिपक्षाला दिसू नयेत म्हणून ते घोळका करीत. आज ऐकू येणारे सगळे संघ तेच करतात. एकाच्या अडचणीसाठी केलेली व्यवस्था सर्वांच्या उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

वर्गाचेही असेच आहे. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, गृहपाठ तोंडी सांगावा तसाच फळ्यावरही लिहावा, प्रश्न विचारणारा मुलगा कोणता हे हाताने दाखवावे. हे कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी केले तरी मागच्या बाकावरील प्रत्येक मुलाला त्याचा फायदा होतो.

दहा दिवसांचा करार

शालेय शिक्षण संपल्यावर लान्स प्रथम युटा विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याचा जम बसला नाही. त्याने विद्यापीठ बदलले आणि ऑग्डन येथील वीबर स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे २००४-०५ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १७.७ गुण आणि १२ रिबाउंड मिळविले. फळीवरून किंवा कड्यावरून परतलेला चेंडू हस्तगत करणे यास रिबाउंड म्हणतात. या बाबतीत तो त्या वर्षी संपूर्ण देशातील विद्यापीठीय खेळाडूंत पहिल्या तिघांत होता. चेंडू कोठे जाऊन पडेल हे कानांनी कळत नाही, डोळ्यांनीच टिपावे लागते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

एवढे होऊनही २००५ साली एन.बी.ए. या अमेरिकेतील अग्रगण्य व्यावसायिक स्पर्धेच्या संघांनी आपापले खेळाडू निवडले, तेव्हा त्याची निवड झाली नाही. त्यानंतर तो तुर्कस्तान, फ्रान्स, स्पेन असे परदेश फिरला. परक्या भाषेच्या देशात ओठ वाचून दिवस काढणे म्हणजे काय, याचा विचार करावा. ज्याला आपलीच भाषा अर्धी डोळ्यांनी समजून घ्यावी लागते, त्याला परक्या भाषेचे ओठ काय सांगणार? तो अमेरिकेत परतला आणि आयडाहो राज्यातील बॉइसी या गावच्या ‘आयडाहो स्टॅम्पीड’ संघातून दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये खेळू लागला. प्रवास बसचा आणि मोठ्या संघाकडून बोलावणे येईलच याची शाश्वती नाही, असे ते जीवन. तेथे त्याचा खेळ इतका चमकला की २००८ साली त्या लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्याला स्थान मिळाले.

आणि मार्च २००८ मध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स या संघाने त्याला बोलावून घेतले. करार होता दहा दिवसांचा! एन.बी.ए. मध्ये अशा अल्पमुदतीच्या कराराची पद्धत आहे. लेब्रॉन जेम्स हा त्या काळचा सर्वांत गाजलेला तरुण खेळाडू याच संघात होता. दहा दिवसांचा करार पुन्हा वाढविण्यात आला आणि नंतर उरलेल्या हंगामापुरता त्याला संघात ठेवण्यात आले. कायद्याच्या व्याख्येनुसार कर्णबधिर असलेला एन.बी.ए. मधील पहिला खेळाडू, अशी त्याची नोंद झाली. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता.

त्या हंगामात तो प्रत्यक्ष किती सामने खेळला? तीन. केवळ तीन. पुढील काळात त्याला त्या स्पर्धेत स्थान टिकविता आले नाही. इटली, न्यूझीलंड, जपान अशा देशांतील संघांकडून खेळत त्याने आपली व्यावसायिक कारकीर्द पुरी केली.

काही जणांना हा शेवट फिका वाटेल. मला तो तसा वाटत नाही, आणि याचे कारण मी आपल्याला सांगतो. तीस संघ, प्रत्येकात पंधराच्या आसपास खेळाडू. म्हणजे साऱ्या जगातून जेमतेम साडेचारशे जण एका वेळी त्या स्पर्धेत असतात. तेथवर पोहोचण्यासाठी या माणसाने जे कष्ट केले त्यांचे मोल तीन सामन्यांवर ठरत नाही. आपल्या शाळांतील कर्णबधिर मुलांपैकी सगळी काही पदके आणणार नाहीत. एखादा शिंपी होईल, एखादी परिचारिका होईल, एखादा तलाठी होईल, एखादी आपले घर-शेत सांभाळील. त्यांच्या शिक्षणावर झालेला खर्च आणि श्रम सार्थकी लागले की नाही, हे पदकांवरून मोजावयाचे नाही.

२००९ साली त्याचे ‘लाँगशॉट’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यानंतर व्यासपीठावरून बोलणे, लोकांना धीर देणे हाच त्याचा व्यवसाय झाला. बहिरेपण ही तुझी शिक्षा आहे असे ज्याला पाचव्या वर्षी सांगण्यात आले, ज्याला एकेक उच्चार शिकावा लागला, त्याने आपल्या वाणीवर उपजीविका करावी, यातले समाधान त्या मुलाचे तर आहेच, परंतु त्याला बोलणे शिकविणाऱ्यांचेही आहे.

गवतात फेकलेले यंत्र

याच खेळातील दुसरे एक नाव थोडक्यात सांगतो, कारण त्यातून शिक्षकांनी घ्यावयाचा धडा अधिक स्पष्ट आहे. टमिका कॅचिंग्ज हिचा जन्म १९७९ सालचा. तिचे वडील हार्वी कॅचिंग्ज हे स्वतः एन.बी.ए. चे खेळाडू. तिला जन्मापासून मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष होता. दोन्ही कानांना यंत्रे लावून ती शाळेत जाई. त्या काळची यंत्रे मोठी आणि बोजड असत. मुले यंत्राला हसत, तिच्या उच्चारांना हसत. एके दिवशी शाळेतून घरी येताना तिने ती यंत्रे काढली आणि माळावरील गवतात फेकून दिली. आईवडिलांनी नवी घेऊन दिली नाहीत. पुढील कित्येक वर्षे ती यंत्राविना, पुढच्या बाकावर बसून, ओठ वाचून शिकली. टेनेसी विद्यापीठात गेल्यावर पॅट समिट या नामवंत प्रशिक्षिकेने तिला पुन्हा यंत्र वापरण्यास आणि वाचा-उपचार घेण्यास प्रवृत्त केले. या प्रशिक्षिकेच्या हाताखालील संघाने १९९८ साली एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या संघात टमिका होती.

पुढची हकिगत क्रीडारसिकांना ठाऊक आहे. २००२ ते २०१६ अशी पंधरा वर्षे ती इंडियाना फीव्हर या एकाच व्यावसायिक संघातून खेळली. २०११ साली महिलांच्या लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, २०१२ साली तिच्या संघाने विजेतेपद मिळविले. २००४, २००८, २०१२ आणि २०१६ या चारही ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक पटकावले. मुलांसाठी काम करणारी एक संस्था तिने २००४ मध्ये स्थापन केली आणि तीही आज ठिकठिकाणी व्याख्याने देते.

आता माझा प्रश्न असा. ते यंत्र गवतात कोणी फेकले? हात तिचा होता हे खरे. परंतु हसणाऱ्या मुलांना कोणी आवरले नाही, ते यंत्र काय आहे हे वर्गाला कोणी समजावून सांगितले नाही, म्हणून ते फेकले गेले. शिबिर भरते, यंत्रांचे वाटप होते, छायाचित्र निघते. सहा महिन्यांनी घरी जाऊन पाहावे तर यंत्र ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलेले असते. कधी विद्युत घट संपलेला असतो. कधी मूल वाढल्याने कानातील साचा बसेनासा झालेला असतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. आणि पुष्कळदा कारण एवढेच असते की, वर्गात मुले हसतात. यंत्र देणे हे कामाचा आरंभ आहे. ते मुलाच्या कानावर राहील अशी व्यवस्था करणे हे खरे काम.

माझ्या वर्गातील मागचा बाक

मित्रहो, दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी माझा एक अपराध मी आपल्यासमोर मांडतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता. हाक मारली तर कधी वळून पाही, कधी पाहत नसे. श्रुतलेखनात ‘पान’ सांगितले तर ‘मान’ लिही. मी रागावलो की हसे. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर लिहिले, ‘लक्ष देत नाही’, आणि त्याला मागच्या बाकावर बसविले, इतरांचा खोळंबा नको म्हणून. त्याचा एक कान वाहत असे. ते मी पाहिले होते. पण कान वाहणे ही गावातील अर्ध्या मुलांची गोष्ट, म्हणून सोडून दिले. चौथीनंतर तो शाळेतून गेला आणि वडिलांबरोबर ऊसतोडणीला जाऊ लागला.

पुष्कळ वर्षांनी एका प्रशिक्षणात श्रवणतज्ज्ञांनी आम्हा शिक्षकांना एक प्रयोग करून दाखविला. आवाज न करता त्यांनी केवळ ओठांनी तीन शब्द उच्चारले आणि ते ओळखावयास सांगितले. आम्हा चाळीस जणांत एकमत होईना. शब्द होते ‘पान’, ‘मान’ आणि ‘भान’. ओठांवर तिन्ही अगदी सारखे दिसतात. त्या क्षणी मला तो मुलगा आठवला. तो लक्ष देत नव्हता हे खोटे होते. माझ्या वर्गात त्याच्याइतके लक्ष देणारा दुसरा कोणी नव्हता. तो माझे ओठ वाचीत होता, आणि मी त्याला ओठ दिसणार नाहीत अशा ठिकाणी बसविले होते.

त्याच्याशी माझी भेट नंतर एकदाच झाली. त्याने मला ओळखले, वाकून नमस्कार केला आणि ‘गुरुजी’ अशी हाक मारली. मी काय बोललो ते त्याला बहुधा ऐकू गेले नाही. त्याच्या पायांत बास्केटबॉलचे बळ होते की नाही, मला ठाऊक नाही. ते पाहण्याची संधी कोणी त्याला दिली नाही. म्हणून परदेशातील या खेळाडूंची गोष्ट सांगताना मला प्रत्येक वेळी तो मागचा बाक दिसतो.

आपल्या हाती काय आहे

बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. पायाने अधू असलेल्या मुलाला पाहताच कोणाच्याही मनात करुणा येते. ऐकू न येणाऱ्या मुलाला मात्र आपण हट्टी, मंद, उनाड अशी विशेषणे लावतो. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर तपासणी. तज्ज्ञांचा एक साधा दंडक आहे: पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालवयातील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. वाहणारा कान हे त्यांपैकी एक प्रमुख कारण. त्यात गरम तेल ओतणे, काडी घालणे हे उपाय नव्हेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी संशयित मूल गैरहजर राहणार नाही, एवढे शिक्षक आणि सरपंच यांनी पाहिले तरी पुष्कळ झाले. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण या विषयांत काम करीत आहे. तेथील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाचा लाभ घेता येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असलेली व्यक्ती ऐकण्यास कमी येणारी, असे धरले जाते. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ही मेहेरबानी नव्हे. त्याचप्रमाणे आपल्या राज्यात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. पंचायत सदस्यांना माझी सूचना आहे की, या निधीचा विनियोग ठरविताना यंत्राचे घट आणि कानाचे साचे या लहान बाबींचाही विचार व्हावा. त्या लहान असल्या तरी त्यांच्याअभावी मोठी बाब निकामी होऊन पडते.

तिसरी गोष्ट भाषेची. काही मुलांना यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिला व्याकरण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला आहे. ‘हातवारे करू नकोस, बोल’ असे म्हणून मुलाचे हात धरून ठेवणे म्हणजे त्याचे तोंड बांधण्यासारखेच आहे. घरातील आई, भावंडे आणि वर्गातील दोन-चार सवंगडी जरी शंभर खुणा शिकले, तरी त्या मुलाचा एकाकीपणा पुष्कळ कमी होतो.

आणि चौथी गोष्ट क्रीडांगणाची. कर्णबधिर मुलाला कबड्डीत घ्यावयाचे की नाही, असा प्रश्न पुष्कळ शाळांत निघतो आणि उत्तर बहुधा ‘राहू दे, लागेल त्याला’ असे असते. बहिऱ्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिस येथे प्रथम भरल्या. आज त्या डेफलिंपिक्स या नावाने ओळखल्या जातात आणि तेथे सर्व खेळाडू यंत्रे काढून ठेवून समान पातळीवर खेळतात. पंचाने शिटीबरोबर रुमाल हलवावा, एवढ्या बदलाने आपल्या शाळेतील सामन्यात तो मुलगा खेळू शकतो. रुमालाला कोणत्याही विभागाची मंजुरी लागत नाही.

समारोप

बंधुभगिनींनो, लान्स ऑलरेड मोठ्या संघातून तीन सामने खेळला, टमिका कॅचिंग्जने चार सुवर्णपदके मिळविली. दोघांच्या यशात अंतर आहे. पण दोघांच्या वाटेवर एक गोष्ट समान आहे. कोणीतरी त्यांच्या बोलण्याला वळण लावले. कोणीतरी यंत्र पुन्हा कानावर ठेवण्यास सांगितले. एखाद्या प्रशिक्षकाने, याला ऐकू येत नाही तर आपण दाखवून सांगू, असे ठरविले. यांतील एकाही कामाला असामान्य पराक्रम लागत नाही. आपल्या गावात उद्या सकाळी करता येतील अशी ही कामे आहेत.

येथून गेल्यावर प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या मागच्या बाकाकडे एकदा नीट पाहावे. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या पाठीमागे उभे राहून, ओठ न दाखवता, हळू आवाजात त्याचे नाव घेऊन पाहावे. त्याने वळून पाहिले तर उत्तमच. वळला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या बाकावर, उजेडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या आपल्यासमोर बसवावे आणि त्याच आठवड्यात तपासणीस पाठवावे. मी तीस वर्षांपूर्वी जे केले नाही ते आपण करावे, एवढेच मागणे मागण्यासाठी मी आज येथे उभा राहिलो.



जय हिंद, जय महाराष्ट्र!